सांगितलं तर उलट डोक्यात भरेल ना?

वयात येणाऱ्या मुलामुलींशी मी शरीराबद्दल, संबंधांबद्दल, गर्भनिरोधनाबद्दल बोलते हे कळलं की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "हे सगळं आधीच सांगितलं तर नको ते डोक्यात भरणार नाही का?"

नाही भरत. एवढ्या ठामपणे म्हणते, कारण हे जगभर तपासून झालेलं आहे. युनेस्कोने २०१८ साली लैंगिक शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली, तेव्हा अनेक देशांतले अभ्यास पाहिले गेले. शिकवल्यामुळे मुलं लवकर संबंधांकडे वळली, असं त्यांत आढळलं नाही. पहिला संबंध लांबणीवर पडायला आणि कंडोमचा वापर वाढायला मात्र त्याने मदत होते.

अंगाशी येतं ते घाबरवणं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ५७ शाळांच्या एका अभ्यासात काही शाळांतल्या मुलींना सांभाळायला बाहुल्या दिल्या होत्या. रडणाऱ्या, दूध मागणाऱ्या, अगदी तान्ह्या बाळासारख्या. बाळाचं किती करावं लागतं हे एकदा कळलं की मुली जपून राहतील, ही कल्पना. २०१६ मध्ये निष्कर्ष आले, तर बाहुली मिळालेल्या मुलींमध्ये गरोदर राहण्याचं प्रमाण बाकीच्या मुलींपेक्षा जास्तच निघालं.

आणि डोकं कोरं असतं असं कोणी सांगितलं? "पहिल्या वेळी राहत नाही", "पाळी संपल्यावर आठवडाभर काळजी नाही" हे त्यांनी एकमेकांकडून कधीच ऐकलेलं असतं. एका मुलीने माझ्यासमोर बोटांवर 'सुरक्षित दिवस' मोजून दाखवले, पाळीचा पाचवा दिवस त्यात धरून. मी तिला कागदावर आखून दाखवलं. या वयात पाळी बरेचदा अनियमित असते. एखादं चक्र २१ दिवसांचंच झालं तर स्त्रीबीज सातव्या दिवसाच्या आसपास सुटतं, आणि शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे पाचवा दिवस थेट धोक्यात. ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत होती. स्त्रीबीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे पहिली पाळी यायच्या आधीही गर्भ राहू शकतो, हे तर कित्येक आयांनाही माहीत नसतं.

मुलग्यांना बाहेर पाठवून फक्त मुलींना सांगायची पद्धत मला अजिबात पटत नाही. कंडोमच्या पाकिटावर मुदतीची तारीख असते, खिशातल्या पाकिटात महिनोन् महिने ठेवला तर उष्णतेने आणि घासून तो खराब होतो, तेल लागलं तर साधा रबरी कंडोम फाटू शकतो, हे मुलग्यांना कोण सांगणार? दर वेळी आणि नीट वापरला तर वर्षभरात १०० पैकी साधारण २ जणींना गर्भ राहतो. प्रत्यक्षात लोक जसा वापरतात, तसा धरला तर १३ जणींना. हा सगळा फरक माहितीचा आणि सवयीचा आहे.

'नाही म्हणायला शीक' एवढंच सांगून भागत नाही. अगदी लहान मुलींच्या बाबतीत अनेकदा समोर वयाने मोठा माणूस असतो आणि तिच्या नकाराला किंमतच दिलेली नसते. म्हणून मुलग्यांशी संमतीबद्दल बोलायचं, आणि मुलीला घरात असं एक तरी माणूस हवं, जे ऐकताक्षणी अंगावर धावून जाणार नाही.

समजा, ती तुमच्याकडे आली. "कोण होता तो?" हा प्रश्न नंतर. आधी विचारा, "तुझ्या मनाविरुद्ध झालं का?" तसं असेल तर तिची सुरक्षितता आणि डॉक्टर, बाकी सगळं मागून. मग विचारा, "केव्हा झालं?" कारण तास मोजावे लागतात. लेव्होनॉरजेस्ट्रेलची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी उपयोगी. ती स्त्रीबीज सुटणं लांबवते. राहिलेला गर्भ पाडत नाही. ७२ तास उलटले असले तरी पाच दिवसांपर्यंत युलिप्रिस्टल ही दुसरी गोळी किंवा तांबी हे मार्ग आहेत, तेव्हा "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नका. तीन आठवड्यांनी गर्भचाचणी करायची, गोळी घेतली असली तरीही. आणि त्या चाचणीला तिला एकटीला पाठवू नका.