सोनं गहाण टाकल्याची बातमी छापायला हवी होती का?

अर्थकारणावर बोलायला कुठेही गेलं की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. "1991 साली देशाने सोनं गहाण टाकलं, हे वर्तमानपत्राने फोडायला नको होतं, नाही का? घर अडचणीत असताना चार लोकांत बोभाटा कशाला?" विचारणारे कळकळीने विचारतात. म्हणून, तुम्ही विचारलंत तर सांगतो: बातमी छापायलाच हवी होती. माझी तक्रार एवढीच आहे की अशा बातम्या फार उशिरा सुरू झाल्या.

आधी काय घडलं ते बघू. ऑगस्ट 1990मध्ये इराकने कुवेत गिळलं, तेल महागलं, आखातातल्या आपल्या माणसांकडून येणारा पैसा आटला. पण हे निमित्त. त्याआधीची कित्येक वर्षं सरकार अंथरूण न पाहता पाय पसरत होतं आणि तूट भागवायला परदेशातून कर्जं उचलत होतं. जून 1991मध्ये परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढी उरली. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत 20 टन सोनं, परत विकत घेण्याच्या बोलीवर, एका स्विस बँकेला विकलं गेलं होतं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी सुमारे 47 टन सोनं विमानाने लंडनला धाडलं, कारण सोनं प्रत्यक्ष ताब्यात आल्याशिवाय कोणी पैसे द्यायला तयार नव्हतं. त्यावर सुमारे 40 कोटी डॉलर उभे राहिले. ही रवानगी अर्थातच गुपचूप चालली होती. मुंबईत विमानतळाकडे निघालेली सोन्याची गाडी वाटेत बंद पडली आणि एकच धांदल उडाली, असं तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांनी नंतर सांगितलं आहे. 8 जुलैला 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये शंकर अय्यर यांची बातमी आली आणि देशाला कळलं.

देशाला कळलं, असं मी मुद्दाम म्हणतो. कारण बाकी सगळ्यांना ते आधीच ठाऊक होतं. देशांची कर्ज फेडण्याची पत ठरवणाऱ्या मूडीज या संस्थेने 1990च्या अखेरीपासून भारताची पत खाली आणायला सुरुवात केली होती. परदेशी बँका अल्पमुदतीची कर्जं पुढे चालू ठेवायला नकार देत होत्या. अनिवासी भारतीय ठेवी काढून घेत होते. सोनं तर लंडनच्याच तिजोरीत जात होतं. मग गुपित राखायचं ते कोणापासून? तुम्ही घराचा दाखला देता, तर त्या घराची हालत सावकाराला माहीत होती, शेजाऱ्यांना माहीत होती, फक्त घरातल्या माणसांना सांगितलेलं नव्हतं. आणि पुढे महागाईचा भार वाहायचा होता तो त्यांनीच.

गप्प राहण्याच्या बाजूने खरा, वजनदार मुद्दा एकच आहे, आणि तो मी झटकत नाही. 13 सप्टेंबर 2007च्या रात्री बीबीसीच्या रॉबर्ट पेस्टन यांनी नॉर्दर्न रॉक ही ब्रिटिश बँक तिथल्या मध्यवर्ती बँकेकडे मदत मागते आहे असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी शाखांबाहेर रांगा लागल्या. तिथे बातमीच संकटात भर घालू शकत होती, कारण ठेवीदार पळाले की धडधाकट बँकही बसते. तिथे प्रत्येक शब्द तोलून लिहावा, हे मला पूर्ण मान्य आहे. पण 1991मध्ये पळू शकणारा पैसा बातमीच्या आधीच पळाला होता.

शिवाय बातमी आल्यावर देश कोसळला का? रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन आधीच झालं होतं. 24 जुलैला मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला, त्यात खतांच्या किमती 40 टक्क्यांनी वाढवल्या. संसदेत आणि बाहेर गदारोळ झाला, स्वतः काँग्रेसचे खासदार उठले. ऑगस्टमध्ये वाढ 30 टक्क्यांवर आली आणि अल्पभूधारक, सीमांत शेतकऱ्यांना वगळलं गेलं. तो निर्णय बरोबर की चूक यावर वाद घाला, मीही घालेन. पण ऐन संकटात लोकांनी सरकारला हिशेब विचारला आणि तरी आर्थिक सुधारणा अडल्या नाहीत, हे आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

मला खरं दुःख वेगळ्याच गोष्टीचं होतं. सारी चर्चा अब्रूवर अडकली. सोनं म्हटलं की आपल्याला भरून येतं, ते स्वाभाविक आहे, पण त्यात तुटीचा, अल्पमुदतीच्या कर्जाचा प्रश्न मागे पडला. त्याच वर्षी कर्ज फिटलं आणि सोनं मोकळं झालं, ही गोष्ट आजही अनेकांच्या कानावर गेलेली नाही. 2024मध्ये रिझर्व्ह बँकेने इंग्लंडमध्ये ठेवलेलं सुमारे 100 टन सोनं भारतात आणलं तेव्हा "1991चं गहाण सोनं अखेर सुटलं" असे संदेश फिरले. सुशिक्षित माणसांनी ते मला पाठवले. पूर्ण गोष्ट कोणी नीट सांगितली नाही की अर्धी गोष्ट तेहेतीस वर्षं फिरत राहते.

1990च्या त्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये पहिल्या पानांवर मंडल होतं, रथयात्रा होती. दोन्ही मोठ्याच बातम्या, त्यांना जागा मिळायलाच हवी होती. पण त्याच पानावर एक साधा प्रश्न रोज छापायला हवा होता: आज आपल्याकडे किती आठवड्यांचे डॉलर उरले आहेत?