पत्र्याच्या इंजिनाचा जुना रंग

ग्वाल्हेर, रविवार

आज इंजिनाची स्प्रिंग पुन्हा जागेवर बसली. इंजिन खेळण्यातले, हॉर्नबी या इंग्लिश छापाचे आहे, ओ गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर), किल्लीवर चालणारे, दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे. दौलतगंजातील एका वाड्याची वाटणी होताना ते माळ्यावरून निघाले आणि त्या घरच्या वहिनींनी "तुमच्याकडे राहिलं तर निदान चालेल तरी" असे म्हणून ते डब्यांसह माझ्या स्वाधीन केले. त्यांचे ते बोलणे मी कामाची अट म्हणूनच स्वीकारले आहे.

स्प्रिंग आतल्या टोकाशी तुटली होती. किल्लीच्या गाड्यांत ती बहुधा तेथेच तुटते, कारण मधल्या दांड्यावरचा आकडा ज्या भोकात अडकतो त्या भोकावर सगळा ताण येतो. नवी स्प्रिंग घालणे सोपे होते. परंतु जुने पोलाद उत्तम असताना ते टाकून देणे मला पटेना. म्हणून टोकाचा सुमारे एक सेंटीमीटर भाग स्पिरिटच्या दिव्यावर लाल होईपर्यंत तापवला, सावकाश निवू दिला आणि तेवढ्याच मऊ झालेल्या भागात नवे भोक पाडून त्याच्या कडा बारीक कानशीने गुळगुळीत केल्या. यात पट्टीची लांबी किंचित कमी होते, पण इंजिनाच्या धावेत तो फरक जाणवत नाही. हे काम करताना जाड कातडी हातमोजे हवेतच, कारण मोकळी सुटलेली स्प्रिंग बोटे फाडू शकते. दातेरी चाकांवर जुने तेल वाळून लाखेसारखे घट्ट झाले होते. ते रॉकेलने धुतले आणि प्रत्येक आसाच्या टोकाला शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब दिला, त्याहून अधिक नाही.

नातीने शेजारी बसून हे सगळे पाहिले आणि शेवटी विचारले, "आबा, एवढं सगळं करताय तर रंग का नाही देत? किती खरचटलाय!"

तिला जे सांगितले ते येथे जरा सविस्तर लिहून ठेवतो. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये ज्या खेळण्याचे पेटंट घेतले ते पुढे मेकॅनो या नावाने प्रसिद्ध झाले, आणि १९२० मध्ये त्यांच्या कारखान्यातून किल्लीच्या आगगाड्या बाहेर पडू लागल्या. माझ्या टेबलावरच्या इंजिनासारख्या स्वस्त गाड्यांचा रंग ब्रशाने दिलेला नसतो. सपाट पत्र्यावर आधी छपाई होते, मग तो पत्रा ठशाने कापून वाकवला जातो आणि त्याचे लहान कान खाचांतून ओवून मुडपले जातात. खिडक्यांच्या चौकटी, रिव्हेटांचे ठिपके, पिवळ्या रेघा हे सगळे छापलेले आहे. त्यावर नवा रंग चढवला की ती छपाई कायमची गेली, आणि ती पुन्हा आणणे कोणत्याही कुशल हाताला शक्य नाही. ते कानसुद्धा मोजकेच उघडमीट सोसतात आणि मग मोडतात, त्यामुळे इंजिन उघडण्याचा निर्णय दरवेळी विचारपूर्वकच घ्यावा लागतो. छापील पत्र्याला मी सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाव्यतिरिक्त काही लावत नाही. तांबेऱ्याच्या ठिपक्यावर तेलाचा थेंब मुरू देऊन तो लाकडी काडीने खरवडतो आणि शेवटी मेणाचा अगदी पातळ हात देतो. हा खरचटा कोणा मुलाच्या खेळण्याचा आहे, आणि तो पुसण्याचा अधिकार मला नाही, असे मी मानतो.

यंत्राच्या बाबतीत मात्र माझा आग्रह नेमका उलटा आहे. इंजिनाची चाके जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव आहेत आणि त्यांतील दोन तडकून फुगली आहेत. त्या काळी ओतकामाच्या जस्तात शिशाचा अंश मिसळला गेला की धातू आतून हळूहळू कुजत असे, आणि वरून धडधाकट दिसणारे चाक एक दिवस बिस्किटासारखे चुरते. यावर उपाय नाही, चाके बदलावीच लागतात. बाहेरचा रंग जपायचा आणि आतले जे चालण्यासाठी आवश्यक आहे ते निःसंकोच दुरुस्त करायचे, हाच माझा नियम आहे. काचेच्या कपाटात गाड्या ठेवणाऱ्या संग्राहकांच्या नीटनेटकेपणाबद्दल मला आदर आहे, तरीही माझे मत वेगळे आहे: उभ्या गाडीतले वंगण थिजते, रुळांच्या जोडांवर गंज चढतो आणि धाव बंद पडल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

या शहरात ही हौस मला उपरी वाटत नाही. जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहातील चांदीची गाडी पाहुण्यांसमोर मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन टेबलावरच्या रुळांवरून फिरत असे, आणि कोणी सुरई उचलली की ती थांबत असे. संस्थानकाळातील ज्या महाराज माधवराव शिंद्यांच्या टेबलावर ती फिरली त्यांनीच दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे उभारली, जिचा श्योपुरकडे जाणारा सुमारे २०० किलोमीटरचा फाटा २०२० पर्यंत चालू होता. मला त्यातील एक हिशेब फार आवडतो. ओ गेजच्या रुळांतील अंतर ३२ मिलिमीटर, आणि त्या छोट्या गाडीच्या रुळांतील ६१० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १९ पट. इंग्लंडच्या मोठ्या गाड्यांसाठी केलेले हे खेळण्याचे रूळ एकास एकोणीस या प्रमाणात आमच्या श्योपुरच्या गाडीचेही रूळ ठरतात. त्या प्रमाणात सहा फुटी माणूस ९६ मिलिमीटरचा होतो. शहराच्या लष्कर भागातील, पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून तिचा एक डबा करून घ्यायचा, असे मी जुन्या छायाचित्रांवरून मापे काढत ठरवले आहे.

त्याआधी या इंजिनाची चाके यायची आहेत. इंग्लंडमधील काही छोटे कारागीर ती शुद्ध मिश्रधातूत ओतून देतात. काढलेली तडकलेली चाके चिठ्ठी लावून इंजिनाबरोबरच ठेवायची, कोणता भाग कधी बदलला हे त्या चिठ्ठीवर लिहायचे, आणि चाके बसली की पहिली किल्ली द्यायला वहिनींना घरी बोलवायचे.