सात दिवसांचा रिपोर्ट आणि बाबांचा मोतीबिंदू

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला, तरी दवाखान्यातल्या त्या फिटनेसच्या, म्हणजे ऑपरेशनला फिट असल्याच्या दाखल्याच्या, खिडकीची आठवण आली की माझं डोकं तापतं. कुणाच्या तरी दोन चकरा वाचाव्यात म्हणून हे लिहितोय.

आमचं गाव कारंजा लाडच्या बाजूला. बाबा ७१ वर्षांचे. वेचलेल्या कापसात त्यांच्या हातून कवडी, म्हणजे डागी पिवळट कापूस, मिसळली आणि व्यापाऱ्यानं भाव पाडला, तेव्हा मला शंका आली. आयुष्यभर कापूस पाहिलेल्या माणसाला पांढरा आणि पिवळट वेगळा दिसेना. रात्री समोरून गाडी आली की म्हणायचे, "लाइट फाकते रे, रस्ताच दिसत नाही." गावात जो तो सांगे, "पिकू द्या, मग काढा." हे ऐकू नका. ती जुनी पद्धत झाली. आता रोजच्या कामात अडचण यायला लागली की काढतात, आणि मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं धुरकट झालेलं भिंगच, ते फार पिकलं की कडक होऊन काढायला उलट अवघड जातं.

डोळ्याची तपासणी, बसवायच्या भिंगाचा नंबर, सगळं एका सकाळी झालं. अडकलो ते पुढे.

बाबांना शुगर आहे, त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट पाहून फिजिशियननं फिट आहे असं लिहून द्यावं लागतं. त्याबद्दल तक्रार नाही. पण खिडकीवर नियम असा, की रिपोर्ट सात दिवसांच्या आतला हवा. आणि तीच खिडकी तारीख द्यायची दहा दिवसांनंतरची. पहिल्या तारखेला गेलो तर "रिपोर्ट जुना झाला." नवा काढून आणला, तर पुन्हा दहा दिवसांनंतरची तारीख. घरी सोयाबीन निघालेलं, इकडे एसटीत दोन तास, आणि उपाशीपोटीची शुगर द्यायची म्हणून बाबा सकाळपासून बिनचहाचे. दुसऱ्या खेपेला मी विचारलं, "मॅडम, तारीख दहा दिवसांची, रिपोर्ट सात दिवसांचा, मग हे जुळणार कधी?" मॅडमनी मान वर केली नाही. "नियम आहे. पुढचे या."

बाकावर येऊन बसलो. बाबांनी विचारलं, "माह्या डोयात असं साचलं तरी काय बे?"

मी दहावीला विज्ञान शिकवतो, प्रकाशाचं विकिरण दरवर्षी फळ्यावर काढतो. पण हा प्रश्न मला कुणी असा विचारला नव्हता. मी म्हटलं, बाबा, बाहेरून काही साचलेलं नाही. भिंगाच्या वजनातला जवळपास तिसरा हिस्सा प्रथिनंच असतात, क्रिस्टॅलिन नावाची. इतकी दाट प्रथिनं असून ते काचेसारखं नितळ कसं, हे कोडंच होतं. दलाय आणि तार्द्यू या दोन फ्रेंच संशोधक बाईंनी १९८३ साली दाखवलं की ही दाटीच कामाची आहे. पोत्यात सोयाबीन भरतो तसं. दाण्यांच्या रांगा नसतात, पण कुठे मोठी पोकळीही नसते. अशी सारखी भरण असली की एकेका कणानं बाजूला फेकलेला उजेड एकमेकांत विरून जातो आणि उरलेला सरळ डोळ्यामागच्या पडद्यावर पोचतो.

"मंग माहं पोतं फाटलं का?"

फाटलं नाही, दाणे एकमेकांना चिकटले. क्रिस्टॅलिनच्या जातींपैकी अल्फा एकमेकांना दूर ठेवतात, गॅमा एकमेकांना ओढतात, आणि अल्फा-गॅमामध्ये थोडीशी ओढ असते म्हणून ते मिसळून राहतात. ही ओढ फार वाढली तरी गठ्ठे होतात, फार कमी झाली तरी होतात. गठ्ठा झाला की एकीकडे दाट, एकीकडे विरळ, आणि तिथेच उजेड फाकतो. बिघडलेल्या प्रथिनाला गठ्ठ्यात जाण्यापासून सांभाळायचं कामही अल्फाच करतं, पण वयानं तेही संपत जातं. नवं येत नाही, कारण प्रथिनं बनवायचा आराखडा ज्यात असतो ते केंद्रकच भिंगाच्या आतल्या पेशींत उरत नाही. बाबांच्या भिंगाच्या मधोमध असलेली प्रथिनं बाबांच्या जन्माआधीची. ऊन, तंबाखूचा धूर आणि रक्तातली साखर, सगळं त्यांनी सोसलेलं. साखर तर प्रथिनांना चिकटूनच बसते.

थंडीत खोबरेल पांढरं होतं आणि उन्हात ठेवलं की नितळ होतं, तसं होणार नाही का, हेही त्यांनी विचारलं. वासराचं भिंग गार केलं की धुरकट होतं आणि गरम केलं की खरंच निवळतं. पण म्हातारपणीचा मोतीबिंदू उलटत नाही. म्हणून बाजारात थेंब टाकून मोतीबिंदू विरघळवतो म्हणणारा भेटला तर पैसे देऊ नका.

तिसऱ्या खेपेला मी खिडकीकडे गेलोच नाही. सरळ वॉर्डातल्या सिस्टरांना गाठलं. त्या म्हणाल्या, "अहो, सकाळी इथंच शुगर बघतो, नऊला फिजिशियन येतात, त्याच दिवशी फिटनेस होतो." पंचवीस दिवस आणि दोन रिपोर्टांचे पैसे गेल्यावर हे दोन मिनिटांत कळलं. मला रडू आलं, खरं सांगतो. एवढी एक ओळ कुणी बोर्डावर लिहिली असती तर! तेव्हा पहिल्याच दिवशी खिडकीवर नाही, वॉर्डात विचारा.

ऑपरेशन वीसेक मिनिटांत झालं. पुढे थेंब वेळेवर आणि डोक्यावरून आंघोळ बंद, एवढंच सांभाळायचं होतं. हो, एक राहिलंच: घरच्या म्हाताऱ्यांना लघवीसाठी टॅमसुलोसिनची गोळी चालू असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना आधीच सांगा. त्या गोळीनं बुबुळ ढिलं पडतं आणि त्यांना वेगळी तयारी ठेवावी लागते. आम्हाला हे ऐन टेबलावर जाताना आठवलं.

दुसरा डोळा फाल्गुनात करायचा आहे. परवा मी वेचून आणलेला कापूस ओसरीत टाकला होता. बाबा हिरवा चष्मा कपाळावर सरकवून ढिगाशी बसले आणि माझ्या नजरेतून सुटलेली कवडी एकेक करून बाजूला काढत राहिले.