वादळ काकीनाड्याला, पंचनामा आमच्या बांधावर (माझा अनुभव)

"समुद्र कुठं, तुमची बाग कुठं, कसलं वादळ घेऊन बसलाय?" असं मला तालुक्याच्या ऑफिसात एका साहेबानं ऐकवलं होतं, 2020 च्या ऑक्टोबरात. आजपण बंगालच्या उपसागरात कायतरी तयार झालंय म्हणून बातमी आली की आधी तो माणूस आठवतो आणि डोकं फिरतं. परवा गावातल्या एका पोरानं विचारलं, पावसात द्राक्षबाग गेली तर पंचनामा कसा करून घ्यायचा, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आम्ही सांगलीच्या पूर्व भागातले. पाण्यासाठी टँकर बघितलेली माणसं, वादळ फक्त टीव्हीवर. त्या वर्षी 13 ऑक्टोबरला सकाळी बंगालच्या उपसागरातलं वादळ आंध्रातल्या काकीनाड्याजवळ किनाऱ्याला लागलं, म्हणजे आमच्यापासनं सरळ रेषेत आठशे किलोमीटर. चक्रीवादळ म्हणून नाव मिळायला लागतो तेवढा वारासुद्धा त्याला नव्हता. मग हैदराबाद बुडालं, आणि 14-15 ला तेच सोलापूर, सांगलीवर आलं. जमिनीवर आल्यावर समुद्राची वाफ तुटते, वारा पडतो, पण वर उचललेलं पाणी कुठंतरी टाकणारच ना. पंढरपुरात कुंभार घाटाजवळ भिंत पडून सहा जण गेले. आमच्याकडं अग्रणी नदीचं पात्र एरवी कोरडं ठणठणीत, ते दुथडी भरून वाहिलं.

माझी सव्वा एकर बाग, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फळछाटणी घेतलेली, त्यामुळं त्या दिवशी ऐन फुलोऱ्यात. काळी जमीन, सऱ्यांत गुडघाभर पाणी, ट्रॅक्टर आत घातला की रुतणार, म्हणजे फवारणी बंद. फुलोऱ्यात पाऊस आणि वर औषध नाही, पुढं काय होणार ते बागायतदाराला सांगायला नको.

पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघं एकत्र येतात. आले, लवकर आले, आणि सगळा घोळ तिथंच झाला. पाऊस थांबून दोन दिवससुद्धा झाले नव्हते. पानं हिरवीगार, घड जागेवर. शेजारचं सोयाबीन काळं पडलेलं, त्याचा पंचनामा पाच मिनिटांत झाला. माझ्या बागेत तलाठी भाऊसाहेब म्हणाले, "आप्पा, बाग तर उभी हाय की, 33 टक्के कुठनं दाखवू?" नियमच तसा आहे, 33 टक्क्यांच्या वर नुकसान दिसलं तरच मदत. त्यांचंही बरोबर होतं, त्या दिवशी खरंच काय दिसत नव्हतं.

आठवडाभरात दिसायला लागलं. घडाला हात लावला की फुलं गळून तळहातावर, मधली दांडी तपकिरी पडलेली, पानाच्या खाली दावण्या रोगाची पांढरी बुरशी. आता परत पंचनामा करा म्हणून गेलो तर यादी तालुक्याला गेलेली. तलाठी म्हणतात तालुक्याला विचारा, तालुका म्हणतो कृषीचा अहवाल आणा, कृषीवाले म्हणतात महसूलनं सांगितलं तर येतो. कोरोनाचा काळ, दारात दोरी बांधलेली, एकावेळी एकच माणूस आत, आणि आत गेलं की साहेब मीटिंगला. एकदा दुपारभर थांबून आत घुसलो तेव्हा ते समुद्राचं वाक्य ऐकलं. वर आणि "अर्जात वादळामुळे लिहिलंय, इथं कुठलं वादळ? अतिवृष्टी लिहून आणा" म्हणून अर्ज परत. अहो, माझी फुलं गळाली ती कशानं गळाली हे तुम्ही ठरवा की, पण अर्ज तर घ्या! खाली जाऊन नवीन अर्ज लिहून आणेपर्यंत आवक-जावकचा क्लार्क जेवायला गेलेला. तो आला, तर म्हणाला उद्या या. राग एवढा आला होता की गाडीला किक मारायचं पण सुधरंना.

यातनं बाहेर काढलं ते कृषी सहायक मॅडमनी. त्या स्वतः परत बागेत आल्या, चार ओळींतले घड मोजले, आणि फुलोऱ्यातल्या बागेचं नुकसान पावसानंतर आठ-दहा दिवसांनी दिसतं असं स्पष्ट लिहून अहवाल दिला. त्यावर पुरवणी यादी निघाली आणि आमच्या गावातले आणखी काही बागायतदार तिच्यात बसले. म्हणजे नाव राहिलं तर 'पुरवणी यादीत घ्या' असंच मागायचं, नुसतं 'परत बघा' म्हणून फिरत बसायचं नाही.

अर्जाची दुसरी प्रत न्या आणि तिच्यावर आवकचा शिक्का आणि नंबर घ्याच. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. फोटो तारीख आणि ठिकाण उमटणाऱ्या ॲपनं काढा, पावसाच्या दिवशीचे वेगळे, नंतर रोजचे वेगळे, एकाच वेलीचे काढले तर उत्तम. फवारणीची वही असेल तर तीपण दाखवा.

पैशांचं म्हणाल तर सरकारनं फळबागेला हेक्टरी 25,000 जाहीर केलेले, दोन हेक्टरपर्यंत. माझे अर्ध्या हेक्टरचे साडेबारा हजार. एवढ्यात फवारणीचं औषधपण निघत नाही. तरी मेसेज आला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, भांडून मिळवलेले होते.

किनाऱ्यावर गावं हलवतात, एनडीआरएफ येतं, आमच्याकडं कोण येतंय? 2024 ला अमेरिकेत हेलीन वादळ फ्लोरिडात धडकलं आणि तिथनं शेकडो किलोमीटर आत, डोंगरातल्या ॲशव्हिलला पूर आला. एकट्या नॉर्थ कॅरोलिनात शंभरावर माणसं गेली, ॲशव्हिलच्या नळाला पिण्यालायक पाणी यायला पन्नास दिवसांवर लागले. हे वाचलं तेव्हा त्या साहेबाला पाठवावं वाटलं, नंबर नव्हता. तेव्हा हवामान खात्याचा नकाशा बघताना किनाऱ्याला लागल्यावर रेषा पुढं कुठं जाते ते बघा, ती आपल्याकडं वळत असली तर ट्रॅक्टर आत जातोय तोवर फवारणी उरका आणि चर मोकळे करून ठेवा.

आणि एक राहिलं, पासबुकाची झेरॉक्स देताना बँकेचा आयएफएससी कोड आत्ताचा आहे का बघा. बँका एकत्र झाल्यात, जुन्या पासबुकावर जुनाच कोड असतो. माझ्या चुलतभावाचे पैसे त्यापायी परत गेले आणि उन्हाळ्यात आले.