मुकुंदराजांची कपार: अंबाजोगाईची एक सकाळ

चूक आधी सांगतो. मागच्या एप्रिलमध्ये आईला घेऊन मी संतकवी मुकुंदराजांच्या समाधीला भर दुपारी गेलो. चप्पल वर काढलेली, पायऱ्यांचा दगड तापलेला. आई उतरली ती हौसेने, चढताना मात्र तीन ठिकाणी बसली आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. यंदा श्रावण सरल्यावर पहाटेच निघालो.

अंबाजोगाईपासून पाच-सहा किलोमीटर. रेल्वेने येणाऱ्यांनी परळीला उतरावं, तिथून अंबाजोगाई साधारण 25 किलोमीटर. पुढे रिक्षा घेतलीत तर येण्या-जाण्याचं एकदमच ठरवा. परतीला वाहन मिळेलच या भरवशावर राहू नका.

बालाघाटाचा डोंगर इथे एकदम खचतो आणि कड्याच्या कुशीत समाधी आहे. बांधकाम, फरशी, रंग पुष्कळ झालंय, पण नजर वर गेली की मूळ खडक दिसतो. वेरूळसारखी छिन्नी इथे चाललेली नाही. आपल्याकडच्या काळ्या खडकात लाव्ह्याचे थर एकावर एक असतात. मधला ठिसूळ थर पाण्याने झिजतो, वरचा टणक तसाच पुढे राहतो आणि अशी कपार तयार होते. साधकाला आणखी काय हवं? डोक्यावर छप्पर, समोर दरी, माणसांचा वावर नाही.

मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’ हा ग्रंथ शके 1110 चा, म्हणजे इ.स. 1188 चा मानतात. ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधी वेदान्त मराठीत! ग्रंथातली अंबानगरी म्हणजे आपली अंबाजोगाई की वैनगंगेकाठचं अंभोरा, हा अभ्यासकांचा जुना वाद. मी तो तिथे बसलेल्या एका आजींपुढे काढला. म्हणाल्या, “ते तुमी शिकल्याल्यांनी बघा, लेकरा. माझ्या सासूनं निवद हितंच दाखवला, म्या बी हितंच दाखविते.” मी गप्प बसलो. खरं तर कपारीत बसल्यावर मलाही वादाची फारशी ओढ राहिली नव्हती.

पावसाळ्यात दरी हिरवीगार असते, पण दगडावर शेवाळ धरतं. कठड्यापलीकडे फोटोसाठी जाऊ नका. पाणी सोबत घ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी आणि चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरावा. मार्गशीर्षात योगेश्वरीचा उत्सव असतो, तेव्हा गावात गर्दी होते. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा.

येताना हत्तीखाना बघाच. ही मात्र कोरलेली लेणी, अंगणात दगडी हत्ती. जोगाईचं, म्हणजे योगेश्वरीचं, परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगडाचं झालं, अशी कथा. आई तिथे हत्तीच्या सावलीत टेकली, पिशवीतून धपाटे काढले आणि म्हणाली, “आता कसं, वेळेवर आलास.”