पाट्यांपासून कॉइलपर्यंत : आमच्या गॅरेजची वाटचाल

आमचं गॅरेज कराडात, महामार्गाच्या सर्व्हिस रोडला आहे. 1993 साली नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सुरू केलं तेव्हा वर पत्रासुद्धा नव्हता. एक चिंच होती आणि तिच्या जाड फांदीला साखळी-कप्पी. त्या कप्पीनं नानांनी कित्येक अँबॅसिडरची इंजिनं उतरवली. मी तेव्हा सहावीत. शाळा सुटली की दप्तर बुंध्याशी ठेवायचं, घमेल्यात रॉकेल घ्यायचं आणि नट-बोल्ट धुवायला बसायचं.

त्या काळी मागच्या सस्पेन्शनचं, म्हणजे धक्के झेलणाऱ्या भागाचं, काम म्हणजे पाटे, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. अँबॅसिडरला पाटे, फियाटला पाटे, जीपला तर चारी चाकांना पाटे. पान, म्हणजे त्यातली एक पट्टी, तुटलं की सगळा संच खोलायचा, तुटलेलं पान बदलायचं, ग्रीस लावून यू-बोल्ट आवळायचे. तुटलेली पानं नाना भंगारात टाकत नसत. ऊसतोडीच्या हंगामाआधी एक लोहार यायचा, ती वजनावर घेऊन जायचा आणि त्यांचे कोयते करायचा. मी त्याच्या भात्यापाशी तासन्‌तास उभा राहिलो आहे. लाल झालेलं पोलाद विझवायचं, मग पुन्हा बेतानं तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा, याला तो पाणी देणं म्हणायचा. "जास्त तापलं की पाणी उतरतं, मग लोखंड आणि हे सारखंच," असं त्याचं सांगणं. पुढे आयुष्यभर स्प्रिंगांचंच काम करायचं आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण या धंद्यातला माझा पहिला धडा त्या भात्यापाशीच झाला.

2005 साली आपल्याकडे इनोव्हा आली, त्याच वर्षी स्विफ्टही. वॉरंटी संपली तशा या गाड्या आमच्या दारात यायला लागल्या. दोन्हींना मागं कॉइल, म्हणजे वेढ्यांची गोल स्प्रिंग. झेन, वॅगनआरच्या हलक्या स्प्रिंगा आम्ही आधी हाताळल्या होत्या, पण इनोव्हाचं वजन वेगळं आणि ती चालायचीही वेगळी. आठ माणसं, टपावर सामान, देवदर्शनाची ट्रीप आणि वर्षाला पन्नास-साठ हजार किलोमीटर. मागून बसलेल्या इनोव्हा रांगेनं यायच्या. नाना पाट्यांमधले वस्ताद होते. कॉइल मात्र त्यांना आणि आम्हाला शिकूनच घ्यावी लागली. आमच्याकडचे सगळ्यात जुने फिटर, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, ते आणि मी मिळून ते शिकलो.

पाटा आणि कॉइल यांतला फरक काम करणाऱ्याच्या हाताला कळतो. पाटा खोलताना त्याच्या वजनाला जपायचं असतं. कॉइलमध्ये वजन नसतं, जोर असतो. गाडी रिकामी उभी असली तरी इनोव्हाच्या मागच्या एकेका स्प्रिंगवर तीनशे किलोच्या आसपास भार असतो. गाडी उचलली, चाक लोंबकळायला लागलं, म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली असं नवख्याला वाटतं. ती पूर्ण मोकळी झालेलीच असेल असं नाही. ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, त्याहून खाली जात नाही कारण शॉकअपनं, म्हणजे स्प्रिंगचे हेलकावे आवरणाऱ्या नळकांड्यानं, तो धरलेला असतो. शॉकअपचा खालचा नट काढला की ती पकड संपली, आणि उरलेला जोर कुठं जायचा ते खाली जॅक आहे की नाही यावर ठरतं.

हे सगळं आम्हाला 2012 च्या पावसाळ्यापर्यंत तोंडी माहीत होतं. त्या दिवशीचं मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण त्या दिवसानं आमचं गॅरेज बदललं.

शेडमधली जमीन आम्ही पाणी रस्त्याकडे वाहून जावं म्हणून थोडी उताराची केली होती. इनोव्हा तोंड रस्त्याकडे करून उभी होती. पहिल्या गिअरमध्ये टाकलेली, हँडब्रेक ओढलेला. मामांनी ट्रॉली जॅक मागच्या ॲक्सलच्या मधोमध लावला, दोन्ही चाकं उचलली, काढली. घोड्या, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायचे लोखंडी स्टँड, होत्या, पण एका बंपरच्या ढिगाखाली दबलेल्या, आणि गिऱ्हाईक संध्याकाळच्या वरातीसाठी घाई करत होतं. मी स्वतः म्हणालो, "राहू द्या मामा, दहा मिनिटांचं काम आहे." हे वाक्य माझं आहे.

आता यात चूक काय झाली ते बघा. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो. त्या इनोव्हाचं इंजिन चाकं फिरवतं तीही मागचीच, म्हणजे गिअरही मागच्याच चाकांना धरतो. मागची दोन्ही चाकं हवेत गेली की हँडब्रेक आणि गिअर दोघांचाही काही उपयोग नाही. गाडीला जागेवर धरणारं काहीच उरत नाही, पुढची दोन मोकळी चाकं आणि उतार तेवढे उरतात. पुढच्या चाकांना आम्ही साधी वीटसुद्धा लावलेली नव्हती. मामांनी नट काढला, टामी, म्हणजे लोखंडी पहार, घालून स्प्रिंग बाहेर ओढायला घेतली, आणि तेवढ्या हिसक्यानं गाडी वीतभर पुढं सरकली. जॅक तिरपा झाला. गाडी धाडकन खाली आली, स्प्रिंग आडवी उसळली आणि मामांच्या डाव्या मनगटावर बसली.

मामा वाचले ते त्यांच्या एका जुन्या सवयीमुळे. काढलेलं चाक ते नेहमी गाडीखाली आडवं सारून ठेवायचे. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, त्या चाकावर येऊन थांबली. तसं नसतं तर... मनगटात प्लेट बसवावी लागली, चार महिने हात गळ्यात होता. त्या चार महिन्यांचा पूर्ण पगार नानांनी त्यांच्या घरी नेऊन दिला. मला ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बंपरचा ढीग त्यांनी एकट्यानं उपसला आणि घोड्या धुऊन दारात मांडून ठेवल्या.

त्यानंतर आम्ही पतसंस्थेतून कर्ज काढून अख्ख्या शेडची फरशी सपाट केली. तीन-तीन टनांच्या घोड्यांच्या चार जोड्या घेतल्या. बाभळीचे तिरपे ठोकळे करून घेतले आणि प्रत्येकाला दोरी बांधली, म्हणजे ते गाडीखालून ओढता येतात, विसरत नाहीत. मजुरी वाढवावी लागली, काही गिऱ्हाइकं तुटली. "समोरचा तासाभरात करून देतो," असं तोंडावर ऐकलं. आम्ही अर्धा दिवस मागतो, आजही मागतो.

त्या अर्ध्या दिवसात आम्ही करतो तरी काय? गाडी सपाट जागी, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. मग उचलायचं, घोड्या चेसिसच्या ठरलेल्या जागी लावायच्या, पत्र्याला नाही. जॅक हळू सोडून भार घोड्यांवर आणायचा आणि गाडीला खांदा लावून जोरात हलवायचं. हलली, कुरकुरली, तर पुन्हा पहिल्यापासून. हे झाल्यावरच जॅक ॲक्सलखाली, शॉकअप थोडा दबेल एवढा वर. आता नट काढला तरी ॲक्सल जॅकच्या तळव्यावर आहे. स्टॅबिलायझरची, म्हणजे वळणावर गाडीला कलू न देणाऱ्या दांडीची, लिंक काढायची, ब्रेकच्या होजचा, म्हणजे रबरी नळीचा, ब्रॅकेट मोकळा करायचा, सेन्सरची वायर आणि हँडब्रेकची केबल कुठं ताणली जाते का ते बघायचं. काही गाड्यांना मागच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी ॲक्सलला जोडलेली असते, तीही सोडायची. मग जॅक इंच-इंच खाली. एक माणूस जॅकवर, एक होजवर नजर ठेवून. स्प्रिंग सैल झाली की हातानं निघते. निघत नसेल तर ॲक्सल अजून पुरेसा खाली आलेला नाही किंवा काहीतरी सोडायचं राहिलंय. टामी मारायची नाही, हा आमच्याकडचा कायदा आहे. आणि तोंड कधीच स्प्रिंगच्या रेषेत न्यायचं नाही.

बसवतानाही घाई नको. रबराची सीट, म्हणजे स्प्रिंग जिच्यावर टेकते ती गादी, फाटलेली असेल तर नवीन टाकायची, ती शंभर-दोनशे रुपयांची वस्तू असते. स्प्रिंगचं टोक सीटच्या पायरीला बरोबर टेकलं पाहिजे. ते अर्धा इंच जरी फिरलेलं राहिलं तरी दोन दिवसांत टणटण सुरू होते. आणि ज्या बोल्टांमध्ये रबरी बुश, म्हणजे सांध्यातली रबराची नळकांडी, आहेत ते लोंबकळत्या ॲक्सलवर शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. गाडीचा भार चाकांवर आल्यावर आवळायचे, टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं. नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत पकडला जातो आणि गाडी रोज चालताना त्याला फाडत राहते. वर्षभरात बुश गेला की गिऱ्हाईक माल खराब म्हणतं. माल चांगला असतो, आवळायची वेळ चुकलेली असते.

स्प्रिंगा आम्ही जोडीनंच बदलतो. एक नवी, एक थकलेली अशी गाडी ब्रेक मारताना एका बाजूला झुकते. या एका गोष्टीवर काउंटरवर सगळ्यात जास्त वाद होतो, आणि मी तो वाद आनंदानं घालतो.

मागच्या वर्षी एक निवृत्त गुरुजी वॅगनआर घेऊन आले. दोन ठिकाणी शॉकअप बदलून झाले होते तरी डाव्या बाजूचा आवाज जात नव्हता. मी टेप काढली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतलं. डावी बाजू बावीस मिलिमीटरनं खाली. गुरुजींना म्हटलं, "तुम्हीच बघा, मी सांगण्यापेक्षा." त्यांनी चष्मा पुसून स्वतः टेप धरली. स्प्रिंग काढली तर सगळ्यात खालचा अर्धा वेढा तुटून सीटच्या रबरात तसाच बसलेला, बाहेरून दिसायचं नाव नाही. मागच्या स्प्रिंगा बहुधा तिथंच तुटतात. त्या खळग्यात माती-खडी साठते, रंग घासला जातो, गंजाचा टिपका पडतो, आणि रोज हजारो वेळा दबणाऱ्या पोलादाला तेवढा टिपका पुरतो.

कोकणातल्या गाड्यांनी तर हे मला पक्कं शिकवलं. गुहागर–विजापूर रस्ता आमच्या गावावरून जातो, त्यामुळे चिपळूण, गुहागरची गिऱ्हाइकं कुंभार्ली घाट चढून येतात. खारी हवा आणि धो धो पाऊस, स्प्रिंगचा रंग एकदा गेला की संपलं. 2021 च्या जुलैमध्ये चिपळूण बुडालं, त्यानंतरच्या दिवाळीपर्यंत आमच्या शेडमध्ये चिखलात बुडून निघालेल्या गाड्या होत्या. इंजिनं, सीटा लोकांनी आधी करून घेतल्या होत्या. स्प्रिंगच्या सीटमधला गाळ कुणी काढला नव्हता. अशा काही गाड्या आम्ही मजुरी न घेता धुऊन, तपासून दिल्या. आमच्याही कृष्णेचं पाणी 2019 ला कुठवर आलं होतं ते आम्ही विसरलेलो नाही.

दोन कामांना आम्ही सरळ नाही म्हणतो. एक, गाडी खाली बसवायला गॅसनं स्प्रिंग कापणं. दुसरं, बसलेली स्प्रिंग तापवून ओढून देणं. लोहाराकडे बघितलेलं तेच इथं आहे, ज्योत लागली की पाणी उतरलं. कापलेल्या स्प्रिंगचं टोक सीटला बसत नाही ते वेगळंच. तरुण पोरं नाराज होऊन जातात, जाऊ देत. वेढ्यांमध्ये रबरी बफर घालून गाडी उंच करायलाही मी मनाई करतो, कारण तेवढे वेढे काम करेनासे होतात आणि सगळा ताण उरलेल्यांवर येतो.

आज आम्ही सातजण आहोत. नाना 2018 मध्ये गेले. मामांच्या डाव्या हाताला पूर्वीची पकड राहिली नाही, म्हणून टामी-पाना त्यांच्याकडे नसतो. पण घोड्यांवर चढवलेल्या प्रत्येक गाडीला पहिला खांदा तेच लावतात आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय शेडमधला एकही नट फिरत नाही. आयटीआय करून आलेला नवा मुलगा एकदा म्हणाला, "मामा, मी बघितलंय की." मामा म्हणाले, "तू बघितलंस बाळा, मी हलवून बघतो."

यंदा दोन खांबी लिफ्ट बसवतो आहोत. लिफ्टवरही ॲक्सल लोंबकळतोच, म्हणून सोबत उंच स्टँड मागवलाय आणि तो कुठं उभा करायचा याच्या खुणा मामांनी फरशीवर पिवळ्या रंगानं आखून ठेवल्यात. स्प्रिंगच्या कामाला येणाऱ्यांना एक विनंती : आदल्या दिवशी फोन करा, डिकी आणि टप रिकामं करून सकाळी लवकर या. भरल्या गाडीचं माप आम्ही घेत नाही. आणि काम झाल्यावर आठवडाभरानं परत एकदा आणा, माप पुन्हा घ्यायचं असतं, त्याचे पैसे नाहीत.