अजून उडतोयस

विमान उडवायला शिकत होतो. फायनलवर, म्हणजे उतरण्याआधी रनवेच्या रेषेत येताना, रनवे नाकासमोर नाही, काचेत एका बाजूला दिसत होता, कारण नाक वाऱ्याकडे वळवलेलं. वारा जवळपास आडवा, 10 नॉट (ताशी सागरी मैल), झटके 16 पर्यंत, म्हणून त्या फरकाच्या निम्मे, 3 नॉट स्पीड जास्त धरलेला.

टेकायच्या जरा आधी रडरने (शेपटीवरच्या उभ्या पट्टीने) नाक सरळ, वाऱ्याकडचा पंख खाली, त्याच बाजूचं चाक आधी टेकलं, मग दुसरं, मग पुढचं. मी हुश्श केलं तर इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणाले, "अजून उडतोयस."

खरंच की! स्पीड उतरतो तसा एलरॉनचा (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांचा) जोर कमी होतो, म्हणून तो वाऱ्याकडे वाढवतच न्यायचा, नाहीतर एखादा झटका पंख उचलतो, पार टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर हळू चालवतानासुद्धा.

मग प्रवासी विमानात चाकं टेकली रे टेकली की बेल्ट काढणारे आठवले. त्यांना कोण सांगणार?